फुलाच्या आधी

पगारेकाकांना बोलता बोलता मध्येच खाली वाकायची सवय होती. समोरचा माणूस घरातलं आजारपण सांगत असो, नाहीतर मुलीच्या लग्नाची पत्रिका देत असो, काकांची नजर त्याच्या पायाशी कुठेतरी भिरभिरत असायची. मग "एक मिनिट हां" म्हणून ते वाकायचे, भिंतीच्या कडेला उगवलेलं बोटभर उंचीचं गाजरगवताचं रोप मुळासकट उपटायचे, माती झटकायचे, मुळं वर करून ते उन्हात ठेवायचे आणि म्हणायचे, "हां, बोला. पत्रिका कुठं छापली?" नवख्या माणसाला हा अपमान वाटायचा. आम्हा कॉलनीवाल्यांना त्याची सवय होऊन गेली होती.

आमची पहिली भेटही अशीच झाली. ब्याण्णव सालचा ऑगस्ट असेल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि आम्ही सातपूरच्या पुढे, कंपन्यांच्या पाठीमागे नव्यानं वसलेल्या त्या कॉलनीत राहायला गेलो. टेम्पोतून सामान उतरत होतं. निळ्या युनिफॉर्ममधला एक किडकिडीत माणूस सायकल भिंतीला टेकवून फाटकात उभा राहिला. हातात पांढरे सुती हातमोजे, कंपनीत कामगारांना मिळतात तसले. मला वाटलं मदतीला आलेत, कपाटाचं एक टोक आता हे धरतील. "आत येऊ का?" त्यांनी विचारलं. मी "या ना" म्हटल्यावर ते माझ्या आणि कपाटाच्या मधून वाट काढत थेट मागच्या अंगणात गेले. वीस मिनिटांनी मी बघायला गेले, तर गुडघाभर उंचीचा गवताचा ढीग लागला होता आणि आमचं अंगण न्हाव्यानं डोकं करावं तसं साफ झालं होतं.

"मी पगारे. शेजारचा," मोजे काढत ते म्हणाले. "तुमच्याकडं कळीवर आलं होतं. चार दिवस उशीर झाला असता तर फुलावर आलं असतं. मग काय उपयोग? फुलाच्या आधी उपटलं तर काम, फुलानंतर उपटलं तर पेरणी." मग त्यांनी मी काय करते ते विचारलं. शाळेत शिकवते म्हटल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला बाईच म्हणतो. बाई, चहाला आमच्याकडं या. आमची मंडळी आली असती बोलवायला, पण त्या बाहेर येत नाय."

त्या गवताला कोणी काँग्रेस गवत म्हणायचं, कोणी चटकचांदणी. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली आणि वर तांदळाच्या कण्या उधळाव्यात तशी बारीक पांढरी फुलं. परदेशी गव्हाबरोबर दुष्काळात आलं म्हणतात. आलं ते असं पसरलं की जिथे जमीन उघडी पडली, तिथे ते हजर. कॉलनीसमोर एक मोठा मोकळा प्लॉट होता. मालक कुठेतरी गुजरातेत राहायचा, त्याला आम्ही कधी पाहिलं नाही. तो सगळा प्लॉट गाजरगवतानं भरलेला असायचा. काका त्या गवताचं नावही घ्यायचे नाहीत, नुसतं "ती" म्हणायचे. "बाई, ती आली का हो पुन्हा तुमच्या मागं?" असं त्यांनी एकदा आमच्या सासूबाईंसमोर विचारलं, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेले नाही.

काका एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर होते. पहिली पाळी साडेतीनला सुटली की कंपनीची बस त्यांना कोपऱ्यावर सोडायची आणि ते घरी न जाता समोरच्या प्लॉटमध्ये उतरायचे. डबा कुंपणाच्या खांबाला अडकवायचा, मोजे चढवायचे, बाह्यांची बटणं लावायची आणि कालच्या खुणेपासून पुढे सुरू. अंधार पडेपर्यंत ते तिथेच असत. मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस तो, गवतही मायक्रॉनमध्येच उपटायचा. "इन्स्पेक्शनला कोणी येणार नाय असं धरून काम करायचं, आणि आलाच कोणी तर पास झालं पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

दुसरं एक वाक्य, मशीनवर घासल्या जाणाऱ्या सुट्या भागांबद्दलचं, असं की, "जॉब रिजेक्ट झाला की मशीनला शिव्या देऊ नये. आधी बघावं, कालपासून बदललं काय." हे ते कुठेही लावायचे. एकदा आठवडाभर माझी डाळ शिजेना. डाळीला, कुकरला आणि वाण्याला माझा क्रमानं दोष देऊन झाला होता. काका ओट्याशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, डाळ तीच, कुकर तोच. कालपासून बदललं काय?" बदललं होतं पाणी. नळ बंद असल्यामुळे मी बोअरचं वापरत होते. काका विजयी मुद्रेनं घरी गेले, जाताना आमच्या तुळशीखालचं एक रोप उपटून.

हे सगळं ते कशासाठी करतात, ते मला त्यांच्या घरी पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा कळलं. दार लोटलेलं, खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं लावलेलं. आत काकू बसल्या होत्या. मान, गळा, कोपरांचे सांधे, पापण्या, सगळी कातडी काळवंडून जाड झालेली, जागोजागी खाजवून फुटलेली. वय चाळीसच्या आतबाहेर असेल. खोटं कशाला सांगू, त्यांनी कप पुढे केला तेव्हा मी आधी कपाची कड पाहिली. काकूंनी मला तसं पाहताना पाहिलं.

"घे पोरी. लागणारा नाय हा रोग," त्या म्हणाल्या. "लोक महारोग समजत्यात. समजू दे."

काकू देवळ्याकडच्या. लहानपण कांद्याच्या खळ्यावर निवडायला बसण्यात गेलेलं. "कांद्यानं डोळ्यातून पाणी काढलं, पण कातडीला कधी हात लावला नाय," असं त्या म्हणायच्या. ह्या घरासाठी प्लॉट घेतला तेव्हा त्यावर कंबरभर गाजरगवत होतं. मजूर लावणं परवडत नव्हतं, काका दोन-दोन पाळ्या करत होते. मग काकूंनी एकटीनं, उघड्या हातांनी, महिना-दीड महिना खपून ती जागा मोकळी केली. घराचा पाया भरला तेव्हा कोपराच्या आत पहिली खाज उठली. वर्षभरात ती गळ्यावर चढली, डोळ्यांवर आली. पुढे दमही लागायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, ह्या गवताचं अंगाला वावडं आहे, आता जन्मभर राहील, गवतापासून लांब राहा. दारासमोर दीड एकर पसरलेल्या गवतापासून लांब कसं राहायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. काकांनी ते स्वतःवर घेतलं. मूलबाळ नव्हतं, दुसरा व्याप नव्हता. समोरचा प्लॉट साफ झाला की काकू दार उघडून ओट्यावर बसतील, एवढंच त्यांना हवं होतं.

एक वर्ष त्यांनी मिठाचा प्रयोग केला. मिठाच्या दाट पाण्यानं हे गवत जळतं असं कुठेतरी वाचलं होतं. वाण्याकडून जाड्या मिठाचं पोतं आणलं, भाड्याचा फवारणी पंप पाठीवर घेतला आणि तीन दिवस फवारत राहिले. गवत खरोखर जळालं. त्याबरोबर कडेच्या घरांतली आळूची पानं, कढीपत्ता आणि एका निवृत्त हवालदारांचा लाडका गुलाबही जळाला. हवालदार आठ दिवस काकांशी बोलत नव्हते. पुढच्या वर्षी त्या खारावलेल्या जमिनीवर सगळ्यात आधी जे उगवलं, ते गाजरगवत होतं. काका कुंपणाशी उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डबा खांबाला अडकवला.

त्यानंतर त्यांनी रविवारची मोहीम काढली. सकाळी सातला घरोघर जाऊन कड्या वाजवायचे. "बाई, उठा, ती उठलीय कधीची." आम्ही दहा-बारा जण जायचो. काका कंपनीतले टाकून दिलेले हातमोजे जमवून आणायचे आणि प्रत्येकाला एक जोडी द्यायचे. उघड्या हातानं कोणी एक रोप उपटलं तरी ओरडायचे. काम संपलं की सगळ्यांचे मोजे एका पिशवीत गोळा करून घरी न्यायचे आणि पुढच्या रविवारी तेच मोजे स्वच्छ धुतलेले, जोड्या लावून घडी घातलेले आमच्या हातात यायचे. किती व्यवस्थित माणूस, असं आम्ही आपसात म्हणायचो. मोजे धुतं कोण, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

काकूंचा एकच शौक होता, शेवंती. मागच्या दारी तीन कुंड्या होत्या, पिवळ्या शेवंतीच्या. घरात बुद्धाची लहान मूर्ती होती, तिच्यापुढे रोज एक फूल आणि सणाला पांढरी साडी नेसल्या की अंबाड्यात एक. एका दिवाळीच्या आधी काका कुठूनसं माहिती काढून आले की शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही सगळी गाजरगवताच्याच कुळातली. एकाचं वावडं झालं की दुसऱ्याचंही होतं. आले तसे मागच्या दारी गेले. शेवंतीवर कळ्या धरल्या होत्या.

"एवढी फुलं होऊन जाऊ द्या हो," काकू आतून म्हणाल्या. "मग काढा."

"फुलाच्या आधीच काढायचं असतं," काका म्हणाले. मी तेव्हा तिथेच होते. त्यांचा आवाज फुटला होता, पण हात थांबला नाही. तिन्ही कुंड्या रिकाम्या करून त्यांनी त्या पालथ्या घातल्या.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत मी काकूंना घेऊन कॉलेज रोडवरच्या एका नव्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. काकांना रजा मिळाली नव्हती. डॉक्टर तरुण होते, घाई करत नव्हते. सगळं तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "घराबाहेर पडता का?"

"नाय."

"मग हातांना इतकं कसं? हे ताजं आहे. घरात गवत कोण आणतं?"

"कोण आणणार? उलट आमचे हे रोज उपटायला जातात."

"आणि त्यांचे कपडे कोण धुतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि अगदी साध्या शब्दांत सांगितलं की त्या फुलांची धूळ कपड्यांना चिकटून येते. ते कपडे तुम्ही झटकता, भिजवता, हातानं चोळता. हवेतून येतं ते येतंच, त्याला इलाज नाही, पण हे तुमच्या हातात रोज दिलं जातंय. त्यांना सांगा, उपटणं बंद करा, निदान कपडे घराबाहेर बदला आणि स्वतः धुवा.

काकू आणि मी रिक्षानं परत निघालो. मला रविवारच्या मोज्यांची पिशवी आठवत होती. सातपूर जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाटायचंच. शर्ट झटकला की शिंका यायच्या. मन मानत नव्हतं."

"काकांना आजच सांगू," मी म्हटलं.

"नाय सांगायचं."

"अहो पण काकू..."

"ऐक पोरी. ही जागा मी साफ केली ते त्यांनी स्वतःला लावून घेतलंय. मी डबल पाळी केली म्हणून तुला हे झालं, असं झोपेत बडबडतात. त्यात आता हे सांगू? की तुम्ही सहा वर्षं माझ्यासाठी राबले, त्यानंच मला खाल्लं? मरतील ते." मग पदरानं डोळे टिपत, आणि टिपल्यावर पापण्या आगीसारख्या जळत असणार तरीही टिपत, त्या म्हणाल्या, "चार वाजता खिडकीच्या काचेतून ते समोर वाकलेले दिसतात ना, तेवढंच मला बरं वाटतं. माझ्यासाठी कोणीतरी भांडतंय. ते पण बंद करू?"

मी शिक्षिका आहे. उत्तर चुकलं तर तिथल्या तिथे खोडायचं, हे माझं काम. त्या दिवशी मी खोडलं नाही. "बरं" म्हटलं. त्या एका शब्दाचा मला आजही राग येतो.

मी माझ्यापरीनं पळवाटा काढल्या. मोजे यापुढे मी धुणार म्हणून ठणकावून सांगितलं. काका खूश झाले. "बाई, आता तुम्ही खऱ्या मोहिमेत आलात!" काकूंना रबरी मोजे आणून दिले, तर ते महिन्यात फाटले आणि आतल्या घामानं हात आणखी चिडले. एकदा काकांचे कपडेच मागून आणले. दुसऱ्या दिवशी काका स्वतः ते न्यायला दारात उभे. "बाई, आमचे कपडे तुम्ही धुवायचे? नाय नाय. लोकांना काय, तोंडं आहेत." माझ्या सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं काकांना नीट ऐकू गेलं. ते कपडे घेऊन गेले आणि नंतर कधी मागायला मला तोंड राहिलं नाही.

एका संध्याकाळी ते प्लॉटमधून येत होते. शर्टावर पांढरी भुकटी बसली होती. मी फाटकात आडवी गेले. म्हटलं, "काका, कपडे बाहेरच बदलत जा ना."

"का बरं?"

शब्द ओठांवर आले होते. पण काकू काचेमागे उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. "काही नाही, घरात घाण होते," मी म्हटलं.

काका हसले. "घाण? बाई, आमच्या मंडळींना विचारा. त्या माझी कॉलर बघून सांगतात, आज किती उपटलं ते."

असं दोन वर्षं चाललं. खाज दाबायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी काकूंचा चेहरा सुजला, हाडं ठिसूळ झाली, एकदा नुसतं पाणी उचलताना मनगट मोडलं. मनगट बसल्यावर त्या पुन्हा मोरीत बसल्या. तिसऱ्या हिवाळ्यात ताप आला, छाती भरली. चार दिवस दवाखान्यात होत्या. शेवटच्या दिवशी मला जवळ बोलावून त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली.

अंत्ययात्रेच्या वेळी कॉलनीतल्या मंडळींनी हार आणले होते. झेंडू आणि शेवंती, बाजारात असतात तेच. हवालदारांनी पहिला हार पुढे केला, तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला. "नको. तिला चालत नाय ती फुलं." अहो, आता काय, असं कोणीतरी कुजबुजलं. काकांनी एकेक हार गोळा करून लांब, भिंतीपलीकडे नेऊन ठेवला. काकू पांढऱ्या साडीत, एकाही फुलाविना गेल्या.

आम्हाला वाटलं, आता हे थांबेल. आठव्या दिवशी साडेतीनची बस आली आणि काका प्लॉटमध्ये उतरले. कोणी विचारलं, आता कोणासाठी, तर म्हणाले, "तिच्या वाटेतलं राहिलंय." संध्याकाळी घरी जाऊन ते कपडे भिजवायचे, मोरीत बसून चोळायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. त्यांच्या मोरीतून धुण्याचा आवाज यायचा. त्या आवाजाला मी घाबरायला लागले होते.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रविवार होता. काका दारात आले, पण कडी वाजवली नाही. मीच बघितलं म्हणून दार उघडलं. त्यांनी दोन्ही हात पालथे करून माझ्यापुढे धरले. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर लाल पुरळ उठलं होतं. पापण्या सुजल्या होत्या.

"बाई, तिचं असंच सुरू झालं होतं ना?"

मी हो म्हटलं.

ते पायरीवर बसले. बोलायला लागले ते माझ्याशी नव्हे, मशीनशी बोलावं तसं. "नऊ वर्षं उपटतोय. हातात मोजे, अंगात पूर्ण बाही. कधी काही नाय झालं. गवत तेच, मी तोच. मग बदललं काय? रात्रंदिवस विचार केला. एकच गोष्ट बदलली, बाई. कपडे मी धुतोय."

समोर प्लॉट दिसत होता. अर्धा साफ, अर्धा पांढरा.

"त्या डॉक्टरकडं तुम्ही गेल्या होत्या तिच्याबरोबर," ते म्हणाले. "त्यांनी काय सांगितलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. काकूंना दिलेला शब्द होता. पण नऊ वर्षं मोजून, पडताळून काढलेलं उत्तर त्या माणसानं माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि ते बरोबर होतं. मी सगळं सांगितलं. शर्ट झटकण्याचं, मोज्यांचं, रिक्षातलं, ओठांवरच्या बोटाचं. काकू काचेमागून बघत असायच्या आणि त्यांना त्यातच बरं वाटायचं, हेही सांगितलं. मला वाटलं, निदान त्यानं थोडं हलकं होईल. मी किती मूर्ख होते!

"सुमनला माहीत होतं," काका म्हणाले. काकूंचं नाव सुमन होतं हे मला त्या दिवशी कळलं. "माहीत होतं, आणि घडी घालून देत होती रोज. कॉलरला जास्तीचा साबण लावून."

मी रडत होते. ते नाही रडले. जरा वेळानं म्हणाले, "बाई, तेव्हा सांगायला पायजे होतं." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मी कधीतरी त्यातून सुटले असते. त्यांनी खिशातून हातमोजे काढले, आमच्या पायरीवर ठेवले, जोडी नीट लावून, आणि गेले.

त्यानंतर त्यांनी एक रोपही उपटलं नाही. मोहीम बंद पडली. आमच्यातल्या कोणाला ती त्यांच्याशिवाय चालवावीशी वाटली नाही, आणि मला तर त्या मोज्यांकडे बघवत नव्हतं. वर्षभरात प्लॉट या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरा झाला. काका दार आणि खिडक्या सताड उघड्या टाकून ओट्यावर बसायचे. पुरळ हातावरून मानेवर चढलं. मी मलम आणून दिलं, ते तसंच न फोडता कोनाड्यात राहिलं. "राहू द्या, बाई," एवढंच म्हणायचे. काकूंनी जिथे बसावं म्हणून सगळा खटाटोप केला, त्याच ओट्यावर ते बसत, समोर गवत डुलत असे, आणि मी शाळेत जाता-येता मान खाली घालून जात असे.

कारखान्यातला त्यांचा विभाग बंद झाला तेव्हा त्यांनी घर विकलं आणि येवल्याकडे भावाच्या गावी जायचं ठरवलं. सामान म्हणावं असं काही नव्हतं. एक ट्रंक, एक पिशवी, बुद्धाची मूर्ती आणि तीन पालथ्या कुंड्या, त्यातल्या कुंड्या मागेच राहिल्या. रिक्षा फाटकाशी उभी होती. मी निरोपाला गेले. ते "येतो, बाई" म्हणाले. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी सुजलेला हात माझ्या डोक्याजवळ आणला आणि डोक्याला न लावताच मागे घेतला.

फाटकाखालच्या फरशीच्या फटीत एक रोप आलं होतं, वीतभर उंच, फुललेलं. मला दिसलं. त्यांनाही दिसलं, कारण त्यांची नजर तिथे जाऊन थांबली. आता हे "एक मिनिट हां" म्हणतील आणि वाकतील, अशी मी वाट पाहिली. तेवढंच व्हावं असं मला फार वाटत होतं. काकांनी पाय उचलला, ते रोप ओलांडलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ते रिक्षात जाऊन बसले.

रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी उभी राहिले. मग वाकून मीच ते उपटलं, माती झटकली. पांढरी भुकटी माझ्या हातावर आणि पदरावर सांडली. फुलं कधीच उमलून गेली होती.